भिलाईतील परदेशी संसार

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव ही स्थानके मागे टाकून शिवनाथ नदी ओलांडते आणि दुर्गला पोहोचते. तेथून पुढे भाताच्या सपाट शेतांपलीकडे उंच धुरांडी दिसू लागतात. हीच पोलादनगरी भिलाई. १९५५ साली या धुरांड्यांच्या जागी शेते, तळी आणि लहान लहान गावे होती. हा भाग तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्यात मोडत असे व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेली आणि २००० साली छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. पण भिलाईचा पाया घातला गेला तेव्हा तिचा कारभार नागपूरच्याच कचेऱ्यांशी जोडलेला होता. मराठी वाचकाला या गावाविषयी थोडी अधिक आपुलकी वाटावी, याचे हे एक कारण.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. वर्षाला दहा लक्ष टन पोलाद तयार करणारा कारखाना सोव्हिएत यंत्रसामग्री व तंत्रज्ञ यांच्या साह्याने उभारावयाचा, आणि त्यासाठी मिळणारे कर्ज अडीच टक्के व्याजाने बारा वार्षिक हप्त्यांत फेडावयाचे, असे ठरले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज आणि नंदिनीची चुनखडी यांच्यातून पोलाद कसे निर्माण झाले, ही कथा पुष्कळ वेळा लिहिली गेली आहे.

त्या कथेत एक गोष्ट बहुधा वगळली जाते. यंत्रांबरोबर माणसेही आली होती आणि पुष्कळ माणसांबरोबर त्यांच्या बायका-मुलेही आली होती. हजारो मैल दूर, वेगळ्या हवेत, अनोळखी भाषेच्या गराड्यात त्यांना दोन-तीन वर्षांचा संसार मांडावयाचा होता. चूल कशी पेटवावी, मुलांना शाळेत कोठे पाठवावे, शेजाऱ्याशी काय बोलावे आणि सणाच्या दिवशी घर आठवले तर काय करावे, हे प्रश्न भट्टीच्या प्रश्नांइतकेच खरे होते. आज महाराष्ट्रातील असंख्य घरांतून कोणी ना कोणी परदेशी राहते. म्हणूनच भिलाईतील त्या परदेशी संसाराकडे एकदा निरखून पाहणे उपयोगाचे ठरेल.

चौलच्या बंदरावर उतरलेला पाहुणा

रशियातून येऊन आपल्याकडे राहिलेले हे काही पहिलेच लोक नव्हेत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्व्हेर नगरीचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी एक घोडा बरोबर घेऊन आपल्या कोकणातील चौल बंदरावर उतरला. तेथून घाट चढून तो जुन्नरला गेला आणि पावसाळा त्याने तेथेच काढला. पुढे तो बहमनी राज्याची राजधानी बीदर येथे राहिला. ‘तीन समुद्रांपलीकडील प्रवास’ या त्याच्या वृत्तांतात राजदरबार व हत्ती आहेत, तसेच रोजचे जीवनही आहे. लोक काय खातात, भात आणि खिचडी कशी करतात, उजव्या हाताने कसे जेवतात, आपला गोरा रंग पाहून माणसांचा घोळका मागून कसा चालतो, हे त्याने बारकाईने टिपले आहे.

जुन्नरच्या सुभेदाराने त्याचा घोडा काढून घेतला व धर्म बदलल्यास तो परत देऊ असे सांगितले, तेव्हा खोरासानच्या एका सद्गृहस्थाने रदबदली करून त्याची सुटका केली. परंतु घोड्यापेक्षाही एक दुःख त्याच्या मनाला अधिक टोचत होते. वाटेत लुटालूट झाली त्या वेळी त्याची धर्मपुस्तके गेली होती. त्यामुळे ईस्टर केव्हा, उपवास केव्हा, हे त्याला समजेना. परदेशात माणसाचा पैसा हरवला तर तो पुन्हा मिळविता येतो; पण त्याचे पंचांग हरवले म्हणजे तो खरोखर एकटा पडतो, हे निकितिनच्या लिखाणावरून कळते. मायदेशी परतताना, आपले गाव गाठण्यापूर्वीच, त्याला मरण आले.

भिलाईचे काम जोरात चालू होते त्याच सुमारास, १९५७ मध्ये, ख्वाजा अहमद अब्बास व वसिली प्रोनिन यांनी भारत व सोव्हिएत संघ यांच्या सहकार्याने निकितिनच्या जीवनावर चित्रपट काढला. त्याचे हिंदी नाव होते ‘परदेसी’. भिलाईत आलेल्या तंत्रज्ञांना या नावाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

शिष्य गुरू झाले

या तंत्रज्ञांपैकी अनुभवी मंडळींना परदेशी तज्ज्ञ ही वस्तू नवी नव्हती. फरक इतकाच की, पूर्वी ते यजमानाच्या बाजूला उभे होते. उरल पर्वतापाशी मॅग्निटोगोर्स्क येथे १९२९ नंतर पोलादाचे प्रचंड नगर उभारले गेले, तेव्हा आराखड्यासाठी अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या मॅकी कंपनीला पाचारण करण्यात आले होते. अमेरिकन अभियंते तेथे वेगळ्या वसाहतीत राहत. १९३२ मध्ये जॉन स्कॉट नावाचा एक अमेरिकन तरुण तेथे आला व त्याने वितळजोडणीचे काम पत्करले. तो मात्र कामगारांच्या बराकीत राहिला, रशियन शिकला, तेथेच त्याने लग्न केले आणि पुढे आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिले. एकाच गावात राहून परदेशी माणूस दोन अगदी निराळ्या रीतींनी जगू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

भिलाईच्या सोव्हिएत पथकाचे मुख्य अभियंता व्हेनियामिन दिमशित्स यांनी कुझनेत्स्क व मॅग्निटोगोर्स्क येथील बांधकामांत भाग घेतला होता आणि महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या झापोरोझ्येच्या कारखान्याच्या पुनर्बांधणीतही काम केले होते. १९५७ ते १९५९ या काळात ते भिलाईत होते. १९६२ मध्ये ते सोव्हिएत मंत्रिमंडळाचे उपाध्यक्ष झाले. त्यांच्या पिढीने विदेशी तज्ज्ञाच्या हाताखाली काम शिकले होते आणि नंतर त्याच्याविना ते चालविलेही होते. म्हणून भिलाईत आलेल्या तज्ज्ञाचे काम दुहेरी होते. भट्टी उभी करावयाची हे एक, आणि आपल्या जोडीला दिलेल्या भारतीय अभियंत्याला इतके तयार करावयाचे की आपली गरज उरू नये, हे दुसरे. अनेक भारतीय अभियंतेही शिक्षणासाठी सोव्हिएत संघातील कारखान्यांत पाठविले गेले. ते तेथे हिमवर्षावात भाकरीचे तुकडे मोडत होते, तेव्हा इकडे रशियन कुटुंबे छत्तीसगडच्या उन्हात घाम पुसत होती. परदेशवासाची ही अदलाबदलच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

ऊन, घर आणि चूल

छत्तीसगडचा उन्हाळा साधा नव्हे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, दुपारी लू वाहते आणि मुरमाड जमीन रात्री उशिरापर्यंत धग सोडीत राहते. ज्यांच्या देशात घराची सारी रचना ऊब आत कोंडून ठेवण्यासाठी केलेली असते, त्यांना येथे नेमकी उलटी विद्या शिकावी लागते. तेथे सूर्य दिसला की खिडक्या उघडतात. येथे शहाणी गृहिणी सकाळी नऊलाच खिडक्या लावून घेते, पडदे ओढते, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारते आणि तिन्हीसांजेला दारे सताड उघडते. ही विद्या कोणत्याही नकाशावर लिहिलेली नसते; ती शेजारणीकडूनच कळते.

तोच प्रकार स्वयंपाकाचा. रशियन घरातील जेवण राईच्या काळ्या पावाशिवाय पुरे होत नाही, आणि राई हे धान्य आपल्याकडे पिकत नाही. आपल्याकडे राई म्हटली म्हणजे मोहरी! पण कोबी, बटाटा, गाजर, कांदा व बीट हिवाळ्यात आपल्या बाजारात मिळतात, आणि रशियन-युक्रेनी घरांतील बोर्श्च नावाचे लाल सार होते ते मुख्यतः याच भाज्यांचे. त्यावर घालावयाची आंबट साय आपल्या घट्ट दह्याहून फार दूरची नाही. एक भाजी तर दोन्ही देशांचे नाते सांगणारी आहे. आपल्याकडील मुले जिला नाके मुरडतात ती शेपू रशियन स्वयंपाकाचा जीव आहे. सार, बटाटे, काकडीचे लोणचे, कशावरही ती चिरून टाकतात. आपल्या गव्हाच्या पोळ्या व भात यांच्यात शेपूचा वास ओळखीचा निघाला म्हणजे परक्या स्वयंपाकघरातील परकेपणा थोडा कमी होत असला पाहिजे.

आणखी एक साम्य पाहण्यासारखे आहे. छत्तीसगडचा शेतकरी उन्हाळ्यात ‘बासी’ खातो. रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवावयाचा आणि सकाळी तो किंचित आंबलेला, थंडगार भात मीठ, कांदा व मिरची यांच्याबरोबर खाऊन कामावर जावयाचे. रशियन माणूसही उन्हाळ्यात पाव आंबवून केलेले क्वास नावाचे पेय पितो आणि त्याच क्वासमध्ये काकडी, बटाटा, शेपू घालून ओक्रोश्का नावाचे थंड सार करतो. भाताच्या मुलखाने भात आंबवला, पावाच्या मुलखाने पाव आंबवला. उन्हाशी झुंजण्याची तोड दोघांनी एकच काढली. ‘हे लोक काय खातात कोण जाणे’ असे म्हणण्यापूर्वी आपल्याच घरातील ताकभाताची आठवण करावी, म्हणजे परका माणूस इतका परका वाटत नाही.

साखर, धूम आणि अग्नी

सर्वांत मोठा डोंगर भाषेचा होता. सोव्हिएत तंत्रज्ञांपैकी पुष्कळांना इंग्रजी येत नव्हते आणि भारतीय अभियंत्यांचे तर सारे तांत्रिक शिक्षण इंग्रजीतून झालेले. त्यामुळे दुभाष्यांवाचून पान हलत नसे. रशियन वाक्य आधी इंग्रजीत यावयाचे आणि मग भारतीय अभियंता ते कामगाराला हिंदीत किंवा छत्तीसगडीत समजावून सांगावयाचा. वितळलेल्या लोखंडाजवळ शब्द चुकून चालत नाही. ‘थांब’ आणि ‘सोड’ यांत गल्लत झाली तर जीव जाऊ शकतो. आमच्यासारख्या भाषांतर हाच व्यवसाय असणाऱ्या माणसाला या अनाम दुभाष्यांविषयी विशेष आदर वाटल्यास नवल नाही. भट्टीच्या इतिहासात त्यांची नावे क्वचितच येतात. पण त्यांच्या जिभेवर ती भट्टी उभी राहिली.

आणि तरीही या दोन भाषा एकमेकींना अगदीच अनोळखी नाहीत. मराठी गृहिणीने ‘साखर’ म्हटले आणि रशियन गृहिणीने ‘साखार’ म्हटले, तर दुकानदाराने दोघींपुढे एकच डबा ठेवावा. हा शब्द संस्कृत ‘शर्करा’पासून निघून ग्रीकच्या वाटेने रशियात पोहोचला. चहाला रशियनमध्येही ‘चाय’च म्हणतात. इतर काही शब्द तर त्याहून प्राचीन नात्याचे आहेत. रशियन ‘ओगोन’ म्हणजे आपला अग्नी, ‘दिम’ म्हणजे धूम, ‘न्येबो’ म्हणजे नभ, ‘द्व्हेर’ म्हणजे द्वार, ‘ब्रात’ म्हणजे भ्राता. भट्टीत अग्नी, धुरांड्यातून धूम आणि वर नभ; पोलादाच्या कारखान्याचे सारे चित्र या तीन शब्दांत दोन्हीकडे सारखेच उमटते. ‘द्व्हा, त्री, चेतीरे’ असे मोजणाऱ्याला ‘दोन, तीन, चार’ शिकण्यास फार दिवस लागू नयेत.

१९५५ च्या अखेरीस बुल्गानिन व ख्रुश्चेव्ह भारतभेटीस आले, त्या काळात ‘हिंदी-रूसी भाई-भाई’ ही घोषणा सर्वतोमुखी झाली होती. त्याच्या आधी, १९५४ मध्ये, राज कपूर यांचा ‘आवारा’ सोव्हिएत चित्रगृहांतून झळकून अफाट लोकप्रिय झाला होता. म्हणजे भिलाईला येणाऱ्या कुटुंबांपैकी पुष्कळांना भारताची पहिली ओळख एका चित्रपटाने करून दिलेली होती. परंतु घोषणा व गाणी यांच्यावर ओळख सुरू होते, ती टिकत नाही. बाजारात बोटांनी मोजून भाजी घेणे, मोडक्यातोडक्या शब्दांत भाव करणे, ‘स्पासिबो’ला ‘नमस्ते’ने उत्तर देणे, यांतून जी ओळख होते ती अधिक पक्की असते, कारण तीत दोघेही अडखळत असतात आणि अडखळणाऱ्या दोघांत उच्चनीच उरत नाही.

सोयीचे कुंपण

भिलाई हे आखून वसविलेले नगर आहे. क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर, सरळ रस्ते, झाडी, दवाखाने आणि शाळा अशी त्याची रचना. सोव्हिएत कुटुंबांची राहण्याची व्यवस्था एकत्र केलेली असे. सेक्टर सातमधील त्यांच्या वसाहतीला आजही ‘रशियन कॉम्प्लेक्स’ असे म्हणतात. मुलांचे शिक्षण, करमणूक, सभा-समारंभ हे बऱ्याच अंशी त्यांचे त्यांचेच चाले. मायदेशी परतल्यावर मुलांचे वर्ष वाया जाऊ नये, आजारपणात आपल्या भाषेत बोलणारे कोणी असावे, ही आईबापांची इच्छा स्वाभाविकच होती. शिवाय परदेशात राहणाऱ्या सोव्हिएत नागरिकांच्या वागण्यावर त्यांच्या शासनाची बारीक नजर असे. वाटेल त्याच्याकडे केव्हाही जावे-यावे, इतकी मोकळीक त्यांना नव्हती.

याचा परिणाम काय होतो, हे परदेशी राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. आपली शाळा, आपला मेळावा, आपले दुकान, आपली माणसे अशी सारी सोय झाली म्हणजे जीव रमतो. पण त्याच सोयीचे हळूहळू कुंपण होते. कुंपणाच्या आत घरची आठवण कमी छळते आणि कुंपणाबाहेरचा देश न पाहताच दोन वर्षे सरून जातात.

याबाबत ओरिसातील राउरकेल्याचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील कारखाना पश्चिम जर्मनीच्या साह्याने उभा राहिला. त्याच्या पहिल्या भट्टीचे उद्घाटन भिलाईच्या अगदी आदल्या दिवशी, ३ फेब्रुवारी १९५९ रोजी, झाले. तेथे एकच सरकारी पथक नव्हते; अनेक जर्मन कंपन्यांचे लोक आले होते, त्यांत तरुण, एकटे राहणारे पुष्कळ. त्यांच्या सामाजिक जीवनाचे प्रश्न पुढे इतके ठळक झाले की, तेथील जर्मन केंद्राची जबाबदारी सांभाळणारे यान बोडो श्पर्लिंग यांनी त्यावर एक पुस्तकच लिहिले. तांत्रिक साह्याला एक मानवी बाजू असते आणि परदेशी पाठविल्या जाणाऱ्या माणसाचे हातचे कौशल्य जितके पाहावे, तितकीच त्याची तेथे राहण्याची तयारीही पाहावी, हा त्यातून निघणारा बोध. तेथे शिस्त कमी पडली असेल, येथे मोकळीक कमी पडली असेल. पण दोन्ही ठिकाणी अडचण एकच होती. यंत्राची जुळणी नकाशाप्रमाणे होते, माणसांची होत नाही.

भिलाईत ही जुळणी झाली ती मुख्यत्वे कामाच्या जागी. सोव्हिएत अभियंता हातात अवजार घेऊन स्वतः यंत्राखाली शिरतो, याचे त्या काळी भारतीयांना मोठे अप्रूप वाटे. कारण साहेबाने हात काळे करावयाचे नसतात, अशी आपली पूर्वापार समजूत. वसाहतीचे कुंपण संध्याकाळी उभे राहत असे. दिवसपाळीत भट्टीसमोर ते नव्हते. परदेशी माणसाला जवळ आणणारा रस्ता मेजवानीपेक्षा एकत्र केलेल्या श्रमातून अधिक लवकर जातो, हे भिलाईने दाखवून दिले.

परमुलखातले पंचांग

निकितिनची पंचांगाची व्यथा या कुटुंबांनाही थोडीबहुत जाणवली असेल. त्यांचे सण निराळे होते. ७ नोव्हेंबर हा क्रांतिदिन, १ मे हा कामगारदिन, ८ मार्च हा महिलादिन आणि या सर्वांहून मुलांना प्रिय असा नवीन वर्षाचा सण. त्या रात्री रशियन घरात देवदार जातीचे झाड सजविण्याची चाल आहे. शुभ्र दाढीचा ‘हिमआजोबा’ आपल्या नातीसह येतो व मुलांना भेटी देतो, असे मानतात. भिलाईत बर्फही नाही आणि ते झाडही नाही. डिसेंबरच्या अखेरीस येथे शेते कापून झालेली असतात, सकाळी गार वारे सुटते आणि दुपारी अंगणात बसण्यासारखे कोवळे ऊन असते. अशा हवेत हिमआजोबांची कथा मुलांना सांगताना आईला काय वाटत असेल, हे परदेशात गणपती बसविणाऱ्या मराठी आईला वेगळे सांगावयास नको.

उलट, त्यांच्या खिडकीबाहेरचे पंचांग होळी, पोळा, दसरा, दिवाळी यांचे होते. छत्तीसगडात श्रावणी अमावास्येला पोळा होतो. मुले मातीचे व लाकडी बैल घेऊन फिरतात, तसेच ते विदर्भातही फिरतात. परक्या मुलखातील सण समजून घेण्यासाठी त्या धर्माचे वा त्या मताचे असावे लागत नाही; बैलांची मिरवणूक दारावरून जाताना दार उघडून उभे राहिले तरी पुरते.

घरच्या घरी परके

तथापि, भिलाईत परदेशी असलेले केवळ रशियनच होते, असे समजणे चुकीचे ठरेल. पंजाब, बंगाल, केरळ, आंध्र, बिहार, उत्तर प्रदेश येथून हजारो माणसे कामासाठी आली. नागपूर, भंडारा, गोंदिया इकडची मराठी कुटुंबेही आली. त्यांना तर हा शेजारचाच मुलूख. भोसल्यांच्या काळापासून रायपूर-दुर्गाकडे मराठी माणसाची वस्ती होती. एकाच गल्लीत चार भाषा बोलणारी चार घरे, आणि चौघांचीही मुले रस्त्यावर हिंदीत भांडणारी, असे हे नगर. या सर्वांना संध्याकाळी आपापले गाव आठवे, एवढाच त्यांचा परदेशवास.

खरा कठीण परदेशवास आला तो ज्यांनी गाव सोडलेच नाही अशांच्या वाट्याला. कारखाना व नगर यांसाठी ज्यांची शेते व घरे गेली, त्या छत्तीसगडी शेतकऱ्यांना एका सकाळी आपल्याच तळ्याकाठी अनोळखी भाषा ऐकू येऊ लागली. प्रारंभी त्यांच्यापैकी पुष्कळजण कारखान्यात कामाला जाण्यास धजत नसत. भट्टी नीट पेटावी म्हणून माणसांचा बळी दिला जातो, अशी अफवा गावोगाव पसरली होती. मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईत दीर्घकाळ अभ्यास करून या भीतीची नोंद केली आहे. ही अफवा अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण ज्याची जमीन गेली आणि ज्याच्याशी त्याच्या भाषेत कोणी बोलले नाही, त्याला आपला बळी जात आहे असे वाटले, तर त्यात फारसे आश्चर्य नाही. रशियन पाहुण्यासाठी दुभाष्या नेमला होता. या शेतकऱ्यासाठी तसा कोणी नेमलेला नव्हता.

पुढे ही दरी काही अंशी बुजली. गावांतील मुले कारखान्यात लागली, पगारदार झाली, त्यांनी पक्की घरे बांधली. कायम नोकरी मिळालेला आणि कंत्राटावर राबणारा यांच्यात मात्र नवी दरी पडली, हेही पॅरी यांनी ‘क्लासेस ऑफ लेबर’ या आपल्या २०२० च्या ग्रंथात विस्ताराने दाखविले आहे. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. हातात तंबुरा घेऊन महाभारतातील कथा छत्तीसगडी बोलीत गाणाऱ्या या पंडवानी गायिकेला भिलाईच्या कारखान्याने नोकरी दिली. त्यांनी आपली बोली देशोदेशीच्या रंगमंचांवर नेली आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. जगभरचे लोक ज्या गावच्या शेजारी येऊन राहिले, त्या गावची बाई आपली भाषा न बदलता जगभर जाऊन आली. परक्यांना जागा देणाऱ्या मुलखाचे स्वतःचे तोंड बंद झाले नाही, तरच त्या पाहुणचाराला अर्थ असतो.

निरोप

पहिला टप्पा पुरा झाल्यावर सोव्हिएत तज्ज्ञांची संख्या हळूहळू कमी होत गेली. १९६७ मध्ये कारखान्याची क्षमता पंचवीस लक्ष टनांवर व १९८८ मध्ये चाळीस लक्ष टनांवर गेली. त्या त्या वेळी पाहुणे पुन्हा आले, पण दर वेळी भारतीय अभियंत्यांच्या हाती अधिक काम सोपवून परतले. दरम्यान रांचीला अवजड यंत्रे बनविण्याचा कारखाना उभा राहिला आणि पूर्वी जहाजाने येणारी सामग्री देशातच तयार होऊ लागली. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ इतिहासजमा झाला. ज्या राज्याने ही माणसे पाठविली ते राज्यच उरले नाही. भिलाईच्या भट्ट्या मात्र चालूच राहिल्या. भारतीय रेल्वेसाठी तेथे रूळ तयार होतात. जोडून केलेल्या रुळांची लांबी २६० मीटरपर्यंत असते. शिकविणाऱ्याच्या मागे काम थांबले नाही, यापेक्षा त्याच्या शिकवणुकीचे दुसरे प्रशस्तिपत्र कोणते?

१९७२ मध्ये भिलाईत ‘मैत्रीबाग’ नावाचे उद्यान व प्राणिसंग्रहालय सुरू झाले. दोन देशांच्या स्नेहाची ती खूण. सुटीच्या दिवशी आसपासच्या गावांतून मुलांना घेऊन माणसे तेथे येतात, वाघ पाहतात, फुटाणे खातात. ही मैत्री नेमकी कोणाची, हे त्यांतील पुष्कळांना माहीत नसेल. आणि त्यात वाईट काहीच नाही. बाग लोकांची झाली, एवढे पुरे.

भिलाईतील त्या संसारांचा हिशेब मांडला तर तीन गोष्टी हाती लागतात. चूल आणि हवा यांच्याशी माणूस महिन्या-दोन महिन्यांत जुळवून घेतो. भाषा वर्षभरात कामापुरती येते. शेजार मात्र आपोआप मिळत नाही. कोणतेही सरकार, कोणतीही कंपनी घराबरोबर शेजारी पुरवू शकत नाही. तो स्वतःच मिळवावा लागतो आणि त्यासाठी आपल्या कुंपणाचे फाटक आपल्यालाच उघडावे लागते.

आज आपली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूरदेशी जातात. त्यांच्या पेटीत आपण मसाले, पापड, लोणची भरून देतो, ते योग्यच आहे. त्यांच्याशी बोलताना ‘जेवलास का?’ हा प्रश्न आपण हमखास विचारतो. त्याच्याच जोडीला ‘तुझ्या शेजारच्या घरात कोण राहते?’ हेही एकदा विचारावे. आणि आपल्या गल्लीत दूर प्रांतातून वा परदेशातून कोणी नवे बिऱ्हाड आले असेल, तर वाळ्याच्या ताट्या कोठे मिळतात व खिडक्या केव्हा लावाव्यात, हे त्यांना आपण होऊन सांगावे.